लिस्टचा एकमेव सोनाटा

इ. स. 1853 च्या फेब्रुवारी महिन्याच्या दुसऱ्या तारखेस, जर्मनीतील वायमार या लहानशा संस्थानाच्या राजधानीत, आल्टेनबुर्ग नावाच्या टेकडीवरील प्रशस्त वाड्यात फ्रान्झ लिस्ट याने पियानोच्या एका दीर्घ रचनेच्या मसुद्याखाली समाप्तीची मिती घातली, तेव्हा ज्या वादकावर पॅरिसपासून पीटर्सबर्गपर्यंतचे दरबार आणि बाजार सारखेच भाळले होते, त्या वादकाने बिदागी घेऊन जाहीर मैफिली करण्याचे सोडल्याला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. हा मनुष्य 1811 मध्ये तेव्हाच्या हंगेरीतील रायडिंग या खेड्यात जन्मला. त्याचा बाप एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या पदरी मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवणारा कारकून होता, आणि मुलाचा हात पाहून त्या बापाने आपल्या कायमच्या नोकरीवर पाणी सोडले व व्हिएन्नाची वाट धरली. पुढे 1839 पासून आठ वर्षे हा मुलगा युरोपभर असा काही गाजला की त्याच्या श्रोत्यांच्या उन्मादाला हाइने या कवीने एखाद्या रोगासारखे नाव दिले. त्या कीर्तीच्या ऐन माध्यान्ही, 1847 च्या सप्टेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, लिस्टने व्यावसायिक मैफिलीला रजा दिली आणि वायमारच्या दरबाराचा संगीतप्रमुख म्हणून मुक्काम ठोकला. वॅग्नरच्या 'लोहेनग्रिन'चा पहिला प्रयोग 1850 मध्ये याच दरबारी नाट्यगृहात त्याने उभा केला. टाळ्यांचा कंटाळा आलेला माणूस टाळ्यांची अपेक्षा न ठेवता जे लिहील ते या रचनेत लिहिलेले आहे, असे माझे मत आहे. आणि पुढे येणारी हकीकत पाहता टाळ्या तिला फार उशिरा मिळाल्या, हेही ओघानेच आले.

या रचनेचे नाव 'बी मायनरमधील सोनाटा'. पियानोसाठी सोनाटा एवढ्याच नावाने लिस्टने प्रसिद्ध केलेली ही एकच कृती. दान्तेच्या वाचनावरून सुचलेल्या दुसऱ्या एका रचनेला त्याने 'सोनाट्यासारखी कल्पनाक्रीडा' असे सावध उपपद जोडले, पण निखळ सोनाटा म्हणून आपल्या नावावर त्याने हा एकच ठेवला. त्याच्या समकालीनांकडे पाहिले तर शोपॅंचे तीन, शूमानचे तीन, तरुण ब्राम्सचेही तीन. आणि त्या सर्वांच्या मागे बेटोफेनचे बत्तीस, ज्यांतील शेवटचा 1822 मध्ये पुरा झाला होता. बेटोफेनने सोनाट्याचा मुलूख इतका जिंकून ठेवला होता की त्याच्यानंतर येणाऱ्याला एकतर त्याच्या सनदेवर वहिवाट करावी लागे, नाहीतर नवी हद्द शोधावी लागे. ज्याला लोक केवळ बोटांचा बहाद्दर समजत होते त्या लिस्टने ही दुसरी वाट घेतली.

ज्या वाचकाचा पाश्चात्त्य संगीताशी परिचय नाही, त्याच्यासाठी सोनाट्याची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे. रूढ सोनाट्यात तीन किंवा चार स्वतंत्र प्रकरणे असतात : एक द्रुत, एक संथ, एक नृत्याच्या किंवा विनोदाच्या ढंगाचे आणि एक समारोपाचे, आणि दोन प्रकरणांच्या दरम्यान वादक क्षणभर हात खाली घेतो. यांपैकी पहिल्या प्रकरणाची एक आंतरिक रचना ठरून गेलेली होती. प्रथम दोन परस्परविरोधी कल्पना दोन निरनिराळ्या षड्जांवर मांडायच्या, मग त्यांची ओढाताण, फोड आणि मिसळ करायची, आणि शेवटी त्या दोन्ही पुन्हा मूळ षड्जावर आणून त्यांच्यात समेट घडवायचा. आपल्या ख्यालात षड्ज तानपुऱ्याने बांधलेला असतो आणि गवई कितीही दूर गेला तरी तो षड्ज जागचा हलत नाही. सोनाट्यात मात्र षड्जच स्थलांतर करतो, आणि परक्या षड्जाच्या मुलखात हिंडून घरच्या षड्जाला परत येण्याचे जे समाधान, त्यावर सगळा डोलारा उभा असतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे फारसे कठीण नाही.

आता पहिले पान. खर्जाच्या बाजूला जी हा स्वर दबक्या आवाजात, तुटक असा उमटतो, आणि मग तिथून खाली, संथपणे, एक अवरोह उतरतो. थोडी शांतता, पुन्हा तोच जी, आणि पुन्हा एक अवरोह, पण या खेपेस त्यातले काही स्वर बदललेले आहेत. जी हा षड्ज मानून हे दोन अवरोह आपल्या स्वरलिपीत मांडले तर फार मौजेची गोष्ट हाती लागते. पहिल्या अवरोहात निषाद, धैवत, गांधार आणि रिषभ हे चारही कोमल आहेत, मध्यम शुद्ध आहे : म्हणजे भातखंड्यांच्या वर्गवारीप्रमाणे तो सरळ भैरवी थाट झाला. दुसऱ्यात निषाद शुद्ध, धैवत कोमल, मध्यम तीव्र, गांधार कोमल, पण रिषभ शुद्ध. म्हणजे तोडीच्या थाटातला कोमल रिषभ तेवढा काढून त्याच्या जागी शुद्ध रिषभ बसवला की हा अवरोह तयार होतो. भातखंड्यांच्या दहा थाटांत याला घर नाही, कर्नाटक पद्धतीत मात्र सिंहेंद्रमध्यमम् या मेलात तो जसाच्या तसा सापडतो. आणि युरोपात त्याला हंगेरीच्या जिप्सी वादकांची सप्तकमालिका म्हणत. लिस्टला भैरवी ठाऊक नव्हती आणि तोडीही ठाऊक नव्हती, त्यामुळे पूर्वेचा प्रभाव वगैरे निष्कर्ष कोणी काढू नयेत. पण आपल्या कानाला ही सात-आठ सेकंदांची दोन वाक्ये अपरिचित वाटत नाहीत, आणि मैफिलीच्या शेवटी भैरवी ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला तिच्या स्वरांनी होणारा आरंभ किंचित चमत्कारिक वाटला तर ते साहजिक आहे. अर्थात पियानोच्या पट्ट्यांवर सप्तकाचे बारा सारखे भाग ठोकून बसवलेले असतात. आंदोलन नाही, मींड नाही, श्रुतींचा तर प्रश्नच नाही. याच समान भागणीच्या दोषावरून आपल्याकडे 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला मज्जाव केला होता. तेव्हा हे साम्य कागदावरचे अधिक, कंठातले कमी, एवढे कबूल करून पुढे जावे.

अवरोह संपतात न संपतात तोच दोन्ही हात सप्तकाच्या अंतराने एकदम उसळतात आणि एक उद्दाम, झेपा घेणारे वाक्य फेकतात. त्याच्या पाठोपाठ खर्जात एकच स्वर पुनःपुन्हा आदळणारे, कुत्सित हसल्यासारखे एक छोटे वाक्य येते. त्याच्या ठोक्यांवरून लिस्टने त्याला हातोड्याचे घाव म्हटले होते, असे सांगतात. अवरोह, उसळी आणि हातोडा ही तीन बीजे पहिल्याच पानावर पेरली जातात, आणि गंमत अशी की ज्या बी मायनरचे (बी हा षड्ज, गांधार कोमल; मेजरमध्ये तोच गांधार शुद्ध) नाव रचनेला आहे तो षड्ज अजून स्थापनच झालेला नाही. तो नीटपणे प्रस्थापित होतो तो सुमारे बत्तिसाव्या बारपाशी (बार म्हणजे तालाचा एक विभाग). पुढे, शंभरी ओलांडल्यावर, डी मेजरमध्ये भरदार स्वरसमूहांचे, स्तोत्रासारखे उंच चढत जाणारे एक भव्य वाक्य येते, ते चौथे. जवळजवळ अर्ध्या तासाची आणि 760 बारांची ही रचना बहुतांशी या चार लहान वाक्यांच्या भांडवलावर चालते.

त्या भांडवलाचा विनियोग कसा होतो, यातच या सोनाट्याचे खरे मर्म आहे. चौथ्या वाक्याचा डामडौल ओसरल्यावर थोड्याच वेळात एक अत्यंत कोमल, गेय असे गीत सुरू होते. साथीचे स्वर खाली तरंगत राहतात आणि वर एक धून, एकेका स्वरावर विसावा घेत, जवळजवळ विरहिणीच्या आवाजात गाऊ लागते. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते की हे नवे, पाचवे वाक्य आहे. ते नवे नाही. हातोड्याचे तेच घाव, तोच एक स्वर पुनःपुन्हा उच्चारण्याची तीच खोड, पण कालमान लांबवलेले, घावाच्या जागी दीर्घ श्वास, खर्जाच्या जागी मध्यसप्तक, आणि मायनरच्या जागी मेजर. स्वरांचा क्रम ओळखता येण्याइतका तोच राहतो आणि त्याचा स्वभाव मात्र संपूर्ण पालटतो. ज्या तोंडाने कुत्सित हास्य केले त्याच तोंडाने आता आर्जव चालले आहे. या पद्धतीला संगीतशास्त्रात विषयवस्तूचे रूपांतर म्हणतात. ती लिस्टने शोधली असे नाही. शूबर्टच्या 1822 मधील 'वांडरर' कल्पनाक्रीडेत तिचा स्पष्ट पाया आहे, आणि ती रचना लिस्टला इतकी प्रिय होती की सोनाट्याच्या आधी थोडेच दिवस त्याने तिचे पियानो आणि वाद्यवृंदासाठी रूपांतर केले होते. परंतु इतक्या थोड्या ऐवजावर इतका लांबचा व्यवहार त्याच्याआधी कोणी केला नव्हता.

ख्याल ऐकून तयार झालेल्या मराठी कानाला ही गोष्ट एका बाजूने फार ओळखीची आणि दुसऱ्या बाजूने अगदी उलटी वाटते, आणि माझ्या समजुतीने या रचनेत शिरण्याचा आपला दरवाजा याच उलटेपणात आहे. आपल्याकडे गवई एखादा राग घेऊन बसतो तेव्हा त्या रागाचे वातावरण स्थिर असते. मारवा तासभर गायला तरी संध्याकाळची ती हुरहूर जात नाही. बदलत राहतात त्या स्वरांच्या आकृती, बोलतानेपासून सरगमपर्यंत, आणि प्रत्येक नवी आकृती त्या एकाच भावाचा नवा कोपरा उजळते. लिस्टच्या सोनाट्यात स्थिर राहते ती आकृती, आणि बदलतो तो भाव. तीच पाच-सहा स्वरांची मुद्रा रौद्रातून शृंगारात, शृंगारातून भक्तीत, भक्तीतून उपहासात अशी फिरत जाते, आणि श्रोत्याने ओळखायचे असते ते माणूस तोच आहे हे. ज्याला बढत ऐकण्याची शिस्त आहे, म्हणजे एखादे स्वरवाक्य मनात धरून ठेवून त्याच्या पुढच्या प्रवासाची वाट पाहण्याची सवय आहे, त्याला या कामासाठी नवे शिक्षण घ्यावे लागत नाही. लक्ष कोणत्या गोष्टीवर ठेवायचे एवढेच बदलावे लागते. नाट्यसंगीतावर पोसलेल्या पिढीला तर हे आणखी सोपे जावे, कारण एकाच चालीवर प्रसंगपरत्वे निराळी पदे बेतली जाताना ती पिढी सतत ऐकत आली.

सोनाट्याच्या घडणीतील दुसरे कौशल्य बांधकामाचे आहे. ही रचना मध्ये कोठेही न थांबता एका दमात वाजते. चार प्रकरणांच्या जागी एकच अखंड प्रकरण. पण नीट ऐकले तर त्या एका प्रकरणाच्या पोटात चारही प्रकरणे जागच्या जागी सापडतात, आणि शिवाय तो सगळा पल्ला मिळून एकच मोठे पहिले प्रकरण होते : मांडणी, ओढाताण, समेट. मी राहतो त्या कोपरच्या स्थानकावर खालून कल्याणकडे जाणारा मुख्य लोहमार्ग आहे आणि त्याला छेदून वरच्या पातळीवरून दिवा-वसई मार्ग जातो. दिव्याहून डोंबिवलीस जाणारा आणि दिव्याहून भिवंडीस जाणारा असे दोघेही उतारू कोपर हेच नाव वाचतात, पण एकाच्या प्रवासात त्या मुक्कामाचा अर्थ एक आणि दुसऱ्याच्या प्रवासात दुसरा. या सोनाट्यातील प्रत्येक मोठा मुक्काम असा दोन वेळापत्रकांत नोंदलेला आहे. मध्यावर, एफ शार्प मेजरमध्ये, जो संथ आणि ध्यानस्थ भाग येतो तो एका हिशेबाने स्वतंत्र संथ प्रकरण आहे, आणि दुसऱ्या हिशेबाने ओढाताणीच्या मध्यंतरातला विसावा. विल्यम न्यूमन या अमेरिकन अभ्यासकाने या दुहेरी कार्याच्या बांधणीची सविस्तर चिकित्सा केली. त्यानंतर तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की एखाद्या हद्दीच्या दाव्याचे दप्तर वाटावे, आणि पुनर्स्थापना, म्हणजे समेटाचा भाग, नेमकी कोणत्या बारापासून मानायची याचा निकाल पंडितांत अजून लागलेला नाही. श्रोत्याने त्या दाव्यात साक्ष देण्याची गरज नाही.

त्या संथ भागाच्या शेवटी पहिल्या पानावरचे अवरोह पुन्हा उतरतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता आरंभच पुन्हा येणार, प्रवास संपला, घर आले. लिस्ट तिथे एक खोडी काढतो. उसळीचे वाक्य परत येते खरे, परंतु बी फ्लॅट मायनरमध्ये, म्हणजे घरच्या षड्जाच्या अर्धा स्वर खाली. आणि तेही आवाज दाबून, चोरपावलांनी, एकामागून एक आवाज तेच वाक्य उचलून परस्परांचा पाठलाग करीत. एकाच विषयाच्या अशा पाठलागाला फ्यूग म्हणतात, आणि बाखच्या काळी हा विद्वत्तेचा, गांभीर्याचा प्रकार होता. लिस्टच्या हाती तो विखारी थट्टेचा प्रकार होतो. घर म्हणून ज्या दारात आलो ते दार शेजारचे निघाले, हे कळण्याचा जो अस्वस्थ क्षण, तो मला या सोनाट्यातील सर्वांत बुद्धिमान क्षण वाटतो. त्याच्यापुढे नंतरचे ते सप्तकाच्या अंतरावरील जोडस्वरांचे सुप्रसिद्ध तुफान, ज्यासाठी तरुण वादक या रचनेवर झडप घालतात, बरेचसे सोपे आहे. सोपे म्हणजे ऐकायला. वाजवायला ते मनगटांचा अंत पाहते.

शेवट कसा करावा याबद्दल मात्र लिस्टचे मन एकदा बदलले. मूळ मसुद्यात त्याने सोनाट्याचा अंत रूढ रीतीने, मोठ्या आवाजात, विजयाच्या थाटात केला होता. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेल्या हस्तलिखितात ती दणदणीत अखेर काट मारलेली दिसते, आणि तिच्या जागी नवी पाने आलेली आहेत. नव्या शेवटात तुफान आपल्या शिखरावर असतानाच तुटते. सर्वत्र शांतता पसरते. मग मधल्या ध्यानस्थ भागाची आठवण येते, हातोडा खर्जात कुरकुरतो, उसळीचे वाक्य जणू ताकद संपल्यासारखे एकदा उठते, आणि अवरोह शेवटचे उतरतात. बी मेजरचे उंच, विरळ स्वरसमूह वाजतात, आणि त्यानंतर पियानोच्या अगदी तळाचा एकच बी, हलका आणि तुटक. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत टाळ्याखाऊ वादकाने आपल्या सर्वांत मोठ्या रचनेतून टाळ्यांची जागा स्वतःच्या हाताने खोडली, ही घटना त्याच्या सर्व चरित्रांपेक्षा अधिक बोलकी आहे. या सगळ्याचा अर्थ काय, याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे. कोणी यात फाउस्टच्या कथेतील तो स्वतः, मेफिस्टो आणि ग्रेटखेन पाहतात, कोणी एदनच्या बागेतील पतन पाहतात, कोणी लिस्टचेच आत्मचरित्र वाचतात. लिस्टला आपल्या रचनांना काव्यमय प्रस्तावना जोडण्याचा चांगलाच सोस होता. या एका रचनेला त्याने एक अक्षरही जोडलेले नाही, आणि त्याच्या या मौनाचा आपण मान राखावा हे बरे.

1854 मध्ये लाइपझिगच्या ब्रायटकॉप्फ आणि हॅर्टेल या प्रकाशकांनी सोनाटा छापला, आणि अर्पणपत्रिकेवर नाव होते रॉबर्ट शूमान याचे. यामागे एक जुने देणे होते. शूमानने 1839 मध्ये प्रसिद्ध झालेली आपली सी मेजरमधील 'फँटसी' लिस्टला अर्पण केली होती, आणि पंधरा वर्षांनी लिस्ट त्याची परतफेड करीत होता. परंतु त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शूमानने ऱ्हाइन नदीत उडी घेतली होती, आणि मार्चपासून तो बॉनजवळच्या एंडेनिख येथील मनोरुग्णालयात होता. तिथून तो परत आला नाही. छापील प्रत पोहोचली ती त्याच्या पत्नीच्या, क्लाराच्या हाती. तिला तरुण ब्राम्सने ती वाजवून दाखवली, आणि तिने आपल्या रोजनिशीत त्या रचनेबद्दल असे लिहिले की हा निव्वळ आंधळा गोंगाट आहे आणि वर याबद्दल आभारही मानावे लागणार. क्लारा स्वतः त्या काळची श्रेष्ठ पियानोवादक होती आणि घरावर आकाश कोसळलेल्या दिवसांत तिने हे लिहिले, या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या तरी तिचा निवाडा चुकलाच. ब्राम्स तर त्याआधीच्या वर्षी वायमारला गेला असता लिस्ट स्वतः हा सोनाटा वाजवीत असताना डुलक्या घेत होता, अशी एक कथा विल्यम मेसन या अमेरिकन शिष्याने आठवणींत लिहून ठेवली आहे. ती कितपत खरी ते सोडून द्यावे, पण लिस्टचा आणि ब्राम्सचा अशा दोन पंथांच्या पुढच्या वैराला ती शोभून दिसते. वॅग्नरने मात्र 1855 च्या एप्रिलात लंडनला कार्ल क्लिंडवर्थ या पियानोवादकाच्या हातून सोनाटा ऐकला आणि त्याच दिवशी लिस्टला भारावलेले पत्र धाडले.

जाहीर मैफिलीत ही रचना प्रथम वाजली ती 1857 च्या जानेवारीत बर्लिनमध्ये. वादक होता लिस्टचा शिष्य हान्स फॉन ब्यूलो, जो त्याच वर्षी पुढे लिस्टचा जावई झाला, आणि ज्याची ती पत्नी कोसिमा काही वर्षांनी वॅग्नरकडे निघून गेली. पण तो विषय निराळा. बर्लिनच्या वृत्तपत्रांनी सोनाट्याची चामडी लोळवली. व्हिएन्नाचा दरारा असलेला टीकाकार हान्स्लिक याने पुढे ब्यूलोच्याच हातून तो ऐकला, तेव्हा हे ऐकूनही ज्याला ते सुंदर वाटेल त्याच्यावर काही इलाज नाही, अशा आशयाचा शेरा मारला. पन्नास वर्षांनंतर हीच रचना प्रत्येक महत्त्वाकांक्षी वादकाच्या यादीत होती.

त्या बर्लिनच्या मैफिलीला आणखी एक महत्त्व आहे. ब्यूलो ज्या वाद्यावर वाजवीत होता तो बेख्स्टाइन या कारखानदाराचा पहिला मोठा मैफिलीचा पियानो होता. बर्लिनचा बेख्स्टाइन, लाइपझिगचा ब्ल्यूथनर आणि न्यूयॉर्कचा स्टाइनवे, हे तिन्ही कारखाने 1853 या एकाच वर्षी स्थापन झाले, म्हणजे नेमके ज्या वर्षी लिस्टने हा सोनाटा पुरा केला. मोझार्टच्या काळचा लाकडी सांगाड्याचा नाजूक पियानो या रचनेखाली मोडून पडला असता. लोखंडी चौकट आल्यावर तारा अधिक जाड आणि अधिक ताणाच्या लावता आल्या, आवाज दालन भरू लागला. आणि त्याहून महत्त्वाची सुधारणा म्हणजे पॅरिसच्या एरारने 1821 मध्ये पेटंट घेतलेली हातोडीची नवी यंत्रणा. जुन्या वाद्यात एकदा पट्टी दाबली की ती पूर्ण वर आल्याखेरीज हातोडी पुन्हा तारेवर जात नसे. एरारच्या युक्तीने पट्टी अर्धी वर आली तरी हातोडी दुसऱ्या आघाताला सज्ज होते. हातोड्याचे वाक्य, ज्यात एकच स्वर पुनःपुन्हा झपाट्याने आदळतो, त्याच्या मुळाशी हे यांत्रिक कौशल्य आहे.

मुंबई इलाख्यात ही वाद्ये आली ती इंग्रज अधिकारी, पारशी घराणी आणि गोव्याहून आलेले ख्रिस्ती कलावंत यांच्या दिवाणखान्यांत, आणि आल्याबरोबर त्यांची आमच्या हवेशी गाठ पडली. पियानोच्या पोटातील नादफलक लाकडाचा असतो. पावसाळ्यात तो दमट हवा शोषून फुगतो, तारांवर ताण वाढतो आणि मधल्या सप्तकाचे स्वर चढतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच उतरू लागतात. खाडीकाठच्या गावात पियानो बाळगणे म्हणजे दर ऋतूला स्वर लावणाऱ्याला बोलावणे आले. धोबी तलावाच्या परिसरात 1865 पासून चालत आलेले फुर्तादोंचे दुकान पिढ्यान्पिढ्या याच व्यवसायावर उभे आहे. मैफिलींची व्यवस्था त्यानंतरची : कावसजी जहांगीर सभागृह 1911 मध्ये बांधले गेले, मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर 1980 मध्ये उघडले.

परंतु या सोनाट्याच्या वंशावळीत मुंबईचे जे नाव खरोखर बसते ते एका वादकाचे नसून एका रचनाकाराचे आहे, आणि ते आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. कैखुश्रू शापूरजी सोराबजी 14 ऑगस्ट 1892 रोजी इंग्लंडमध्ये, एसेक्समधील चिंगफर्ड येथे जन्मला; त्याचे वडील मुंबईचे पारशी स्थापत्य अभियंता आणि आई इंग्रज. 1919 मध्ये या तरुणाने लंडनला फेरुच्चो बुसोनी याला आपला पहिला पियानो सोनाटा वाजवून दाखवला. बुसोनी हा त्या पिढीतील लिस्टचा सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्ता, आणि त्याच्या शिफारशीचा सोराबजीला पुढे उपयोग झाला. तो सोनाटाही लिस्टच्या धर्तीवर एका अखंड प्रकरणाचा आहे. मधल्या काळात स्क्रियाबिनने 1907 च्या पाचव्या सोनाट्यापासून तीच वाट मळवली होती. सोराबजीने मात्र ती वाट पुढे अशी ताणली की 1930 मधील त्याच्या 'ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकुम'ला चार तासांहून अधिक वेळ लागतो. ग्लासगोत त्याने स्वतः ते एकदा वाजवले, आणि थोड्या वर्षांनी आपल्या रचना आपल्या परवानगीवाचून कोणी जाहीरपणे वाजवू नयेत असा जणू मनाई हुकूम काढला. तो 1976 पर्यंत चालला. या मनुष्याला हिंदी म्हणवून घेणे आवडत नसे, आपण पारशी आहोत असे तो आग्रहाने सांगे. त्याच्या अवाढव्य पानांतून वावरताना मला वारंवार वाटते की लिस्टकडून त्याने दिगंताची ओढ घेतली आणि काटकसर तेवढी घ्यायची राहिली.

ज्यांना मैफिलीची संधी नाही त्यांना ध्वनिमुद्रणांवर भागवावे लागते, आणि त्यांचाही एक इतिहास आहे. व्लादिमीर होरोविट्झने 1932 मध्ये लंडनला हा सोनाटा मुद्रित केला तेव्हा तबकडीच्या एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावत असे; म्हणजे जी रचना कोठेही थांबू नये म्हणूनच रचली गेली, ती ऐकताना घरी बसलेल्या रसिकाला पुनःपुन्हा उठून तबकडी उलटावी लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल तीन मिनिटांत ऐकणाऱ्या आपल्या आजोबांना या अडचणीचे नवल वाटले नसते. आज ती अडचण नाही, आणि निवडीची मात्र आहे. मार्था आर्गेरिचने 1971 मध्ये केलेले मुद्रण सव्वीस मिनिटांच्या आत आटोपते आणि श्रोत्याला श्वास घेऊ देत नाही. क्लाउदिओ आराऊ, ज्याचे गुरू मार्टिन क्राउझे हे स्वतः लिस्टचे शिष्य होते, अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेतो आणि प्रत्येक वाक्याचे वजन करून ते खाली ठेवतो. आर्गेरिचचे वादन थक्क करते हे मान्य करूनही नवख्या श्रोत्याने आराऊपासून आरंभ करावा असे मी म्हणेन, कारण हातोड्याचे विरहगीत कसे होते ते तिच्या वेगात निसटते आणि त्याच्या संथपणात स्वच्छ ऐकू येते. आर्गेरिच दुसऱ्या खेपेस ऐकावी, चारही वाक्ये ओळखीची झाल्यावर.